येसू साळिणीच्या उंबरठ्याची कहाणी

उंबरठ्याच्या आई, तुझी कहाणी सांगते. बायांनो, हातात तांदूळ घ्या, मन दारी आणा आणि ऐका.

पेठापेठांचं एक आटपाट नगर होतं. तिथं रामोजी साळी राही. त्याची बायको येसू, लेक बयो. रामोजीचा हात गुणी, पण स्वतःचं घर नाही. साळ्याचा माग जमिनीत बसतो. आधी खड्डा खणावा, त्यात पाय सोडून बसावं, मग धोटा चालवावा. भाड्याच्या घरात खड्डा कोण खणू देणार?

पहिलं घर केलं. धनी म्हणाला, "माझी जमीन उकरलीस. खड्डा बुजव आणि नीघ." मग दुसरं घर केलं. धनी म्हणाला, "मागाची खडखड सोसत नाही. नीघ." मग तिसरं घर केलं. त्याचं छप्पर गळकं, ते रामोजीनं शाकारलं. छप्पर धड झालं, तसा धनी म्हणाला, "आता घर मलाच हवं. नीघ."

मग येसूनं बोचकं डोईवर घेतलं, बयोला कडेवर घेतलं, नदीकाठी येऊन बसली. बयो म्हणाली, "आई, आता कुठं जायचं?" येसू इकडंतिकडं बघू लागली.

तिथं पाचजणी सवाष्णी वसा वसत होत्या. वाळूत उंबरठा रेखलेला, वर हळदकुंकू, शेजारी दिवा. येसू जवळ गेली. "बायांनो बायांनो, कसला वसा वसता? मला सांगाल का?"

"तुला गं कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

मग त्यांनी सांगितलं, "श्रावणातल्या दर शुक्रवारी उंबरठा धुवावा, रांगोळी काढावी, हळदकुंकू वाहावं. दारी येईल त्याला आधी पाणी द्यावं. घर सोडावं लागलं तर सारवून, घागर भरून सोडावं. आपलं घर होईल तेव्हा उद्यापन करावं. जिला घर नाही अशा बाईला बोलवावं, आपल्याआधी तिला जेवू घालावं."

येसू म्हणाली, "अन् उंबरठा दुसऱ्याचा असला तर?"

"राहशील तेवढे दिवस तो तुझाच."

मग येसूनं चौथं घर केलं. वसा मनोभावे चालवला. दोन श्रावण गेले. तिसऱ्या वर्षी त्याही धन्यानं सांगितलं, "नीघ." रामोजी सामान बांधू लागला. येसू शेण कालवून जमीन सारवू लागली. शेजारच्या पार्वतीआत्या विधवा, एकट्या. त्या दारात येऊन म्हणाल्या, "अगं, तो तोंडावर हाकलतोय आणि तू सारवतेस?"

येसू म्हणाली, "आत्या, उद्या कुणी लेकुरवाळी येईल. दमून आलेली असेल. तिला जमीन तरी स्वच्छ मिळू दे."

रात्री तिघं धर्मशाळेत उतरली. दुसऱ्या दिवशी आत्या शोधीत तिथं आल्या. म्हणाल्या, "मी लेकीकडं चालले. दोन व्यापारी माझं घर मागतात, पाडून वखार बांधणार. आत माझ्या नवऱ्याचा माग आहे, खड्डा तसाच आहे. तू घेशील का?"

मग येसूनं पाटल्या दिल्या. रामोजीनं विणलेली लुगडी दिली, राहिलेलं चार वर्षं विणून फेडायचं ठरलं. पाचजणांसमोर कागद झाला. किल्ली हाती आली. येसू उंबरठ्यावर बसून पोटभर रडली. रामोजी खड्ड्यात पाय सोडून बसला, तो उठेचना.

पुढं रामोजीचं नाव राणीच्या कानी गेलं. घरावर माडी चढली. मागल्या अंगणात खोली झाली. श्रावण आला. बयो म्हणाली, "आई, उद्यापन कधी करायचं?" येसू म्हणाली, "घर आपलं, कागद आपला. आता उंबरठ्याला काय पुजायचं?" एक शुक्रवार चुकला, दुसरा चुकला, तिसरा चुकला.

मागल्या खोलीत भिमा म्हणून भाडेकरीण आली. नवरा परगावी गेला तो आलाच नव्हता. पदरी तान्हं मूल. तिनं पाळण्यासाठी आढ्याला दोर बांधला. येसू संतापली. "माझ्या आढ्याला दोर? मला विचारलंस? घर माझं आहे. नीघ." भिमा पाया पडली, म्हणाली, "बाई, पाऊस थांबेपर्यंत राहू द्या." येसूनं दार लावलं.

मग काय झालं? मागावर धागा टिकेना. चूल पेटेना. येसूला घास उतरेना. जेवायला बसली की दारात कुणी उभं आहे असं वाटे, जाऊन बघे, कुणी नसे. रामोजी म्हणाला, "येसू, त्या चार धन्यांचे शब्द मला पाठ आहेत. परवा ते तुझ्या तोंडून ऐकले." बयो म्हणाली, "आई, भिमामावशी कुठं गेली असेल?"

येसू पानावरून उठली.

खळ्यावर पाहिलं, नव्हती. पाणवठ्यावर पाहिलं, नव्हती. वेशीबाहेर चिंचेखाली भिमा बसली होती, मुलावर पदर धरून. येसू म्हणाली, "माझं चुकलं. घरी चल."

भिमा म्हणाली, "तुमचं घर, तुमचा शब्द. आज या म्हणाल, उद्या नीघ म्हणाल. मी नाही येत."

"मग मीही जात नाही," येसू म्हणाली, आणि चिखलात बसली. एक दिवस गेला, दुसरा गेला. दोघी पाळीपाळीनं मूल छातीशी धरीत. तिसऱ्या दिवशी भिमा म्हणाली, "बाई, तुम्ही कुडकुडताय. चला."

मग येसूनं उंबरठा धुतला, रांगोळी काढली, भिमेला पाटावर बसवलं, पुरणावरणाचं जेवू घातलं, मग आपण जेवली. पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना. रामोजीला म्हणाली, "भाड्याचा शब्द कधीही फिरतो. हिला कागद देऊ." मग पाचजणांना बोलावलं. मागलं अंगण आणि खोली भिमेच्या नावे केली. मधे भिंत घातली, तिकडून वेगळं दार काढलं.

मागावर धागा टिकला, चूल पेटली, घास गोड लागला. पुढल्या शुक्रवारी येसू हळदकुंकवाची कुयरी घेऊन त्या नव्या दारी गेली. आढ्याला पाळणा हलत होता. येसू बाहेरच थांबली. म्हणाली, "भिमाबाई, आत येऊ का?"

भिमेनं पदर सावरला, आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या दारातून म्हणाली, "या."

जशी ती आई येसूला पावली, भिमेला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. बिनघराला घर देवो, घरवाल्याला मन देवो. पुष्कळ उत्तरांची ही कहाणी थोडक्या उत्तरी सुफळ झाली, संपूर्ण झाली.