फुकटच्या पेढ्यावरचा कर

मिरजेच्या त्या बोळात आता काचेची दुकानं झालीत, पण खवा आटतानाचा वास जुन्या माणसांच्या नाकातून अजून जात नाही. शिवलिंगअप्पांच्या पेढ्यांच्या भट्टीवर तेव्हा एक रीत होती. नव्या गड्याला पहिल्याच दिवशी भरल्या परातीपुढे बसवायचं आणि म्हणायचं, "खा लेका, पोटभर खा. इथं कधी कुणी अडवणार नाही."

तपासणीला आलेले प्राप्तिकराचे साहेब हे ऐकून हरखलेच. "म्हणजे पगारावर फुकट पेढे! हा फायदा गड्यांच्या पगारात धरून त्यावर कर भरायला हवा होता. तुम्ही दडवलात, आता दंड भरा." बोलता बोलता, "मालाची प्रत बघतो," म्हणत त्यांचा हात सारखा परातीत जात होता.

ऐन दिवाळीत दंड बसला तर भट्टीच विझायची. पण अप्पांनी शांतपणे परात उचलून गड्यांपुढे धरली. "घ्या रे एकेक."

गडी मागं सरले. म्हातारा मलगोंडा तोंड फिरवून म्हणाला, "नको अप्पा, वीट आलाय. ठेचा असंल तर द्या."

"बघा साहेब," अप्पा म्हणाले, "एकदा पोटभर खाल्लं की माणूस जन्मात हात लावत नाही, म्हणून तर ती रीत. आज या भट्टीत फुकटचे पेढे एकाच माणसानं खाल्लेत, आणि त्याला पगार सरकार देतं. तो फायदा कुणाच्या पगारात धरू?"

साहेबांनी हातातला पेढा परातीत परत ठेवला, आणि दंडाची गोष्ट तिथंच मिटली.

भट्टी गेली, अप्पाही गेले. पण मिरजेत आजही कुणी फुकटचं खाताना दिसला की म्हातारे हसून विचारतात, "कुणाच्या पगारात धरू?"