आपोआप हलणारा पाळणा

"...मग सागवानी घेऊ, की वेताचा?"

श्रीरंगनं हे विचारलं तेव्हा खुशालगीर महाराज चिंचा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पाळणा म्हणतोयस?"

"पाळणाच. मला मुलगी झालीय, महाराज. बाळंतीण आता माहेरून येईल. त्याआधी घरात पाळणा हवा."

"कुठला चांगला?"

"तेच तर तुम्हाला विचारतोय!"

मी चुलीशी होतो. मी सखाहरी. मठातला स्वयंपाक मी बघतो आणि आल्यागेल्याला चहा देतो. कान माझे उघडेच असतात, त्याला माझा इलाज नाही. आता गोसाव्याला पाळण्याचं काय विचारायचं? ज्यानं जन्मात लेकरू मांडीवर घेतलं नाही, त्याला? पण श्रीरंग नांदापूरकर हा माणूसच तसा. तालुक्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, दर गुरुवारी मठात येतो, महाराजांना प्रश्न विचारतो आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतो.

"सागवानी टिकतो," तो म्हणाला, "पण जड. शिवाय कड्या कुरकुरतात. वेताचा हलका, हवेशीर, पण त्याचं कुसळ निघालं तर बाळाला टोचेल. दुकानात एक बॅसिनेट पाहिलं. चाकं आहेत, मच्छरदाणी आहे, दिसायला गोड. पण त्याच्या कडा फारच बुटक्या."

"बराच अभ्यास केलास."

"करायलाच हवा. आणि अजून एक आहे..." तो जरा पुढं सरकला. "आपोआप हलणारा. विजेवर."

महाराजांचा हात थांबला. त्यांना नवल वाटलं की ते बसल्या जागी पुढं झुकतात, तसे झुकले.

"आपोआप? ते कसं काय?"

"बाळ रडलं की त्याला आवाज कळतो. लगेच झोके सुरू."

"आणि गप्प झालं की?"

"थांबतो."

"अरे वा! अंगाई पण म्हणतो का?"

"म्हणतो की. हव्या त्या भाषेत."

"सख्या, ऐकलंस का रे?"

"ऐकलं," मी म्हणालो. "चहा पण करतो का, ते विचारा."

महाराज हसले. श्रीरंग हसला नाही.

"बरं, आणि पोर रडत नसेल, उगाच एकटीच हसत असेल, तर?"

"तर काय?"

"तेव्हा तो काय करतो?"

"तेव्हा काही करायची गरजच नाही, महाराज."

"हं..."

महाराजांनी एक चिंच सोलली. मग दुसरी.

"म्हणजे शेजारी कुणी बसायला नको?"

"नको. तोच तर फायदा."

"मग तू कुठं असणार?"

श्रीरंग गप्प झाला. हा माणूस गप्प झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"इथं," तो म्हणाला. "महाराज, मला झोळी द्या."

झोळी द्या म्हणजे मला गोसावी करा. घरदार सोडून तुमच्या मागं येतो, असा त्याचा अर्थ. हे त्याचं मागणं जुनं होतं. लग्नाआधीही त्यानं मागितली होती. महाराज "बघू" म्हणाले होते, आणि तेवढ्यात आईनं हट्टानं लग्न लावून दिलं. मला वाटलं होतं, खूळ उतरलं असेल.

"आणि बायको?" मला राहवेना.

"तिची नोकरी आहे. घर तिच्या नावावर करतोय. बाळाला काही म्हणजे काही कमी पडू देणार नाही. म्हणून तर सगळ्यात चांगला पाळणा शोधतोय. एकदा तो घरात आला की मी मोकळा."

मोकळा म्हणे! माझ्या हातातली पळी चुलीत पडता पडता राहिली.

"लेकीला मांडीवर घेतलंस?" महाराजांनी विचारलं.

"नाही."

"का रे?"

"घेतलं की गुंतलो. दवाखान्यात लांबून पाहिली, तेवढं पुरे."

"कशी आहे?"

"...लहान आहे."

महाराजांनी हातातली चिंच खाली ठेवली.

"देतो," ते म्हणाले.

मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. श्रीरंगलाही तसंच वाटलं असावं.

"देतो झोळी. पण मठाची रीत ठाऊक आहे ना? पहिली भिक्षा घरच्या बाईच्या हातची. तिला माई म्हणायचं. ती वाढेल ते घ्यायचं. झोळीत पडलं त्याला नको म्हणायचं नाही, आणि परत करायचं नाही."

"ठाऊक आहे. मूठभर तांदळाला वृषाली नाही म्हणायची नाही."

"तिच्या मर्जीचं हवं."

"मर्जीचंच घेईन, महाराज."

तो पायांवर डोकं ठेवून गेला. इतका हलका होऊन गेला की चप्पल घालायची विसरला आणि फाटकातून परत आला.

मी मात्र महाराजांना सोडलं नाही.

"बाळंतिणीचा नवरा काढून घेताय. शोभतं का हे तुम्हाला?"

"सुईत दोरा ओव, सख्या. मला दिसत नाही."

त्यांनी स्वतःचं जुनं भगवं धोतर काढलं होतं. धुऊन धुऊन अगदी मऊ पडलेलं. त्याला दुहेरी टीप घालत बसले. मी चिडलेलो होतो, तरी बघत होतो.

"एवढी मोठी झोळी? भिक्षा तर मूठभर."

"धुतली की आटते."

"जुनं धोतर आहे ते. आटायचं तेवढं कधीच आटलंय."

महाराजांनी दातानं दोरा तोडला.

पुढच्या गुरुवारी सकाळीच श्रीरंग आला. आंघोळ करून, डोकं भादरून, कोऱ्या धोतरात. पाळणा काल घरी बसवून घेतला म्हणाला. आपोआप हलणाराच. महाराजांनी त्याच्या खांद्यात झोळी अडकवली. ती त्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबली. तो ती वर खेचत होता आणि ती पुन्हा खाली येत होती.

"आता घरी जातो, भिक्षा मागतो आणि येतो," तो म्हणाला.

त्याला जावं लागलं नाही. फाटकाशी रिक्षा थांबली.

कानाला रुमाल बांधलेली एक बाई उतरली. अंगात स्वेटर, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. चालताना बाळंतीण जपून पाऊल टाकते तसं टाकत होती, पण चेहरा असा की मी आपोआप उठून उभा राहिलो. ही वृषाली, हे सांगायला कुणी लागलं नाही.

"तुम्हीच का ते महाराज?"

"मीच."

"काल माहेरून आले. दारात भाकरतुकडा ओवाळायला कुणी नाही. आत जाऊन बघते तर एक मशीन! फोन केला तर हे म्हणतात, मी आता मठात राहणार, बाळाची सोय करून ठेवलीय." तिचा आवाज फाटला. "सोय! माझ्या लेकीला बाप हवाय हो, सोय नकोय!"

ती रडायला लागली. डोळे पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. पाणी तसंच गालावरून खाली येत होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला महाराजांचा राग आला आणि श्रीरंगचा तर त्याहून आला.

महाराजांनी तिला बसायला पाट सरकवला. ती बसली नाही.

"चालतं का ते?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"मशीन."

ती चकित होऊन बघायला लागली. "...चालतं. लाईट असली की. पण त्यातला तो बाप्या गायला लागला की ही आणखीच भोकाड पसरते."

"अस्सं..." महाराज म्हणाले. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

श्रीरंग पुढं झाला. दोन्ही हातांनी झोळी उघडून धरली. नजर खाली, पायाच्या अंगठ्याकडं.

"माई, भिक्षा वाढा."

वृषालीनं त्याच्या भादरलेल्या डोक्याकडं पाहिलं.

"माई?" वृषाली म्हणाली. "मी? आणि वाढा? आजपासून मला अहोजाहो?"

"रीत आहे, वृषाली. तुझ्या हातची पहिली भिक्षा मिळाली की..."

"की तुम्ही सुटलात."

त्यानं झोळी आणखी पुढं केली. मी आतून परातीत तांदूळ आणले होते, ते पुढं केले. काय करणार? मागणारा मागतोय तर रिकाम्या हातानं बाईला उभं कसं ठेवायचं?

तिनं तांदळाकडं पाहिलं. मग झोळीकडं.

"ही कसली झोळी? लेकरं निजवतात ती?"

"ती नव्हे गं! भिक्षेची," श्रीरंग वैतागला.

"दिसायला तर तीच आहे. आई रानात कामाला जायची, तेव्हा मला असल्याच झोळीत घालायची. बाभळीला बांधून."

"वृषाली, तो विषय नाहीये आत्ता."

तिनं महाराजांकडं वळून विचारलं, "काहीही वाढलं तर चालतं?"

"तुझ्या मर्जीचं."

"आणि यांना नाही म्हणता येत नाही?"

"नाही."

"परत देता येत नाही?"

"नाही."

ती अजून रडतच होती. तशीच ती दोन पावलं पुढं आली, वाकली आणि दुपट्यासकट ते बाळ तिनं झोळीत ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "वाढली."

श्रीरंग दचकून मागं सरणार होता.

"मान! मान धरा तिची!" वृषाली ओरडली.

त्याचा हात खाली गेला. कसा गेला, त्याचं त्यालाच कळलं नसेल. एक हात झोळीच्या तळाशी, एक मानेखाली. तांदळाची परात घेऊन मी तसाच उभा. बाळानं तोंड उघडलं आणि असं भोकाड पसरलं की चिंचेवरचे कावळे उडाले.

"रडतेय..." श्रीरंग म्हणाला. "महाराज, ही रडतेय."

"मग?"

"मग... काय करू?"

महाराज नुसते झोळीकडं बघत होते. वृषाली ओठ घट्ट मिटून उभी होती. एकदा तिचे हात पुढं आले होते, ते तिनं पदराखाली ओढून घेतले.

श्रीरंगनं या पायावरचा भार त्या पायावर घेतला. परत या पायावर. झोळी जराशी झुलली. अंगाई काही त्याला येत नव्हती. त्याच्या तोंडून नुसतं "अं... अं... अगं... अगं..." असं निघत होतं. एवढा बोलघेवडा प्राध्यापक, पण त्या घटकेला त्याच्याजवळ एवढाच शब्द उरला होता.

रडणं कमी झालं. हुंदके उरले. मग तेही गेले.

आणि ती शिंकली. एवढीशी शिंक.

"शिंकली!" श्रीरंग आम्हाला म्हणाला. "अहो, शिंकली ही!" जगात आजवर कुणी शिंकलंच नव्हतं, अशा आनंदानं म्हणाला. आणि बोलता बोलता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो रडू लागला. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळं त्यालाही डोळे पुसता येईनात.

वृषाली पाटावर बसली. एकदम दमल्यासारखी.

"मला जरा चहा मिळेल का?" तिनं मला विचारलं.

"आलं घालून देतो, बाई," मी म्हणालो आणि चुलीकडं वळलो. धुरामुळं असेल, पण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

चहा होईपर्यंत श्रीरंग तसाच उभा होता. झोळी खांद्यात, झोळीत लेक. खांदा अवघडला होता, पण हलायची हिंमत होत नव्हती. तो एकदा फाटकाकडं बघायचा, एकदा वृषालीकडं, एकदा मठाच्या दाराकडं.

"महाराज," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी तर सगळं सोडायला आलो होतो..."

महाराज जागेवरून उठले.

"...आता मी जायचं तरी कुणीकडं?"

महाराज त्याच्याजवळ आले. झोळीच्या तोंडाशी वाकले आणि आत बघत राहिले. बाळाला झोप लागली होती.

"आता हळू चाल," महाराज म्हणाले.