दयाळाची ओटी

पूर्वी गोदेच्या काठी पोतली नगरीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच नगरीत धान्याच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आले. राजाचे नाव विचारू नका. या कथेत त्याला काही काम नाही. तो आपला राज्य करीत होता, बसला होता, तसाच बसू द्या. बोधिसत्त्वांचे नाव त्या जन्मी सोमिल होते. वडील गेल्यावर दुकान, घर आणि वडिलांची थोरली बहीण पुष्करा आत्या, असे तिन्ही त्यांच्या वाट्याला आले. दुकान आणि घर सांभाळणे फारसे अवघड नव्हते.

सोमिलाची बायको केतकी. शांत, कामसू, हसली तर सगळ्या घराला कळेल अशी. पण ती हसायची थांबली होती. दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा पोट रिकामे झाले. दोन्ही वेळा सगळी गल्ली घरात येऊन बसली होती. एकीने काढा आणला, दुसरीने लेप आणला. शेजारची सोनारीण तर पोटाला कान लावून मुलगा की मुलगी ते सांगून गेली. मग सगळ्या रडायलाही आल्या, आणि रडताना पुन्हा काढाच घेऊन आल्या.

एका चैत्रात सोमिलाने कुंभाराकडून पोचा आलेले, कुशीला भोक पडलेले एक गाडगे आणले आणि तोंड खापरीने झाकून परसातल्या शेवग्याला काथ्याने टांगले. आत्या म्हणाली, "हे काय रे? पाणी राहायचं नाही यात."

"पाण्यासाठी नाहीच, आत्या. कुणी आलं राहायला तर येईल."

आणि आली, दयाळ पक्ष्यांची जोडी. नर काळा-पांढरा, शेपटी उभी करून पहाटे गोठ्याच्या आढ्यावर शीळ घालणारा; मादी राखाडी, गाणे वगैरे भानगड नाही, काड्या आणि मुळ्या वाहून आणण्यात गुंतलेली. घरोघरची रीत, दुसरे काय. थोड्या दिवसांत गाडग्यात निळसर, तपकिरी ठिपक्यांची अंडी आली आणि मादी बसली.

केतकी भांडी घासता घासता तिकडे बघू लागली. एक दिवस आत्याने तिला बघताना पाहिले, आणि इथेच घोटाळा झाला. आत्याचे मन वाईट नव्हते. वाईट असते तर बरे झाले असते. वाईट माणसाला अडवता येते.

"सूनबाई, शकुन आहे हा!" आत्या ओरडली. "रानातली लेकुरवाळी आपणहून आपल्या दारी आली. ही आपली माहेरवाशीण. हिचं डोहाळजेवण करायचं!"

"आत्याबाई, ती पाखरू आहे."

"म्हणून काय झालं? पोटुशीला पोटुशी म्हणायला पिसं मोजावी लागतात का?"

सोमिल दुकानाच्या कामाने पैलतीरी गेले होते. ते असते तरी काय झाले असते कोण जाणे. आत्यापुढे नदीलाही वळण घ्यावे लागे. दुपारी गल्लीतल्या बायका जमल्या. गाडग्यावर हिरवे लुगडे पांघरले. मोगऱ्याची वाडी बांधली. टाळ वाजले, गाणी झाली. मादी पहिल्या टाळालाच उडाली होती, पण सोनारीण म्हणाली, "लाजली ग बाई!" मग ओटी भरायची वेळ आली. नारळ काही त्या भोकातून जाईना. सोनारणीने रेटून पाहिला. शेवटी आत्याने मूठभर तांदूळ, एक हळकुंड आणि एक चांगली टपोरी सुपारी आत सोडली, आणि सगळ्यांनी हात जोडले.

संध्याकाळी मादी आली. भोकातून आत डोकावली. आतली अंडी तिची होती. त्यांच्यामध्ये बसलेली सुपारी मात्र तिने घातलेली नव्हती, एवढा हिशेब पाखरालाही येतो. ती बाहेर येऊन फांदीवर बसली, एकदा शेपटी हलवली आणि गेली. रात्री आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. अंडी गार पडली.

आत्या आधी रडली. मग डोळे पुसून केतकीकडे वळली. "पाखरूसुद्धा टिकत नाही तुझ्या परसात."

घासलेलेच तांब्याचे भांडे केतकीने पुन्हा घासायला घेतले.

सोमिल परत आले तेव्हा आत्या उंबऱ्यावर बसली होती. "ऐक सोमिला. पैलतीरावरच्या नावाड्यांचा मालक आहे ना, त्याची मुलगी लग्नाची आहे. मी निरोप धाडते. पोरगी येईल, घाटावरच्या सगळ्या नावाही आपल्या होतील. तुझं धान्य फुकट पलीकडे जाईल."

"मी दुसरं लग्न करणार नाही, आत्या."

"मग मी याच उंबऱ्यावर अन्नपाणी सोडते. तुझ्या बापाला शब्द दिलाय मी, घर रिकामं ठेवणार नाही म्हणून."

आता आत्या बोलली म्हणजे करणार. तिने एकदा कढीत मीठ जास्त झाले म्हणून साऱ्या चातुर्मासात कढी वर्ज्य केली होती. सोमिलाला घाटावरच्या नावा नको होत्या, पण आत्याही उंबऱ्यावर मरायला नको होती. आतल्या दाराआड केतकी उभी होती. ती ऐकत होती, हे बोधिसत्त्वांना ठाऊक होते.

ते म्हणाले, "आत्या, हीच जोडी पुन्हा आली आणि आपल्या दारातून पिलं उडाली तर?"

"तर पैलतीराचं नाव काढणार नाही. पण नाही उडाली, तर तू मुकाट्याने बाशिंग बांधायचं."

"बरं," सोमिल म्हणाले.

आत केतकीच्या हातातले भांडे खाली पडले.

आठवडाभराने नराने पुन्हा गोठ्याच्या आढ्यावर शीळ घातली. पाखरांना दुःख नसते असे नाही. त्यांना बसून राहायला सवड नसते. सोमिलाने चुलीमागचे एक काळे, काठाचे टवके उडालेले गाडगे घेतले, त्याला कुशीत भोक पाडले आणि ते मागे, उकिरड्याच्या वर, गोठ्याच्या पाख्याखाली बांधून टाकले. तिकडे आत्या नाकाला पदर लावल्याशिवाय फिरकत नसे. मग त्यांनी शेवग्यावरचे जुने गाडगे उतरवले, सुपारी काढली, ते धुतले, चुन्याचे पट्टे ओढले आणि पुढच्या अंगणात आंब्याला टांगले. वर झेंडूची माळ घातली आणि स्वतः त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

सोनारीण कुंपणावरून वाकली. "काय हो भावजी, आली का?"

सोमिलाने ओठांवर बोट ठेवले.

इथे कोणी भुवई उंचावू नये. बोधिसत्त्व कोणत्याही जन्मात खोटे बोलत नाहीत, हे खरे. पण न बोलण्यावर कुठेच बंदी नाही. हवे तर कोणत्याही भिक्खूला विचारा, तोही बोलणार नाही.

त्या दिवसापासून पुढच्या अंगणात गर्दी उसळली. आरत्या झाल्या, गाणी झाली. कुणाला आत चिवचिव ऐकू आली, कुणाला स्वप्नात अंडे दिसले. सोनारीण गाडग्याला कान लावून म्हणाली, "दोन मुलगे आणि एक मुलगी." आत्या सगळ्यांची व्यवस्था बघत होती आणि फार सुखात होती.

मागे, उकिरड्यावरच्या काळ्या गाडग्यात, दयाळाची मादी निवांत अंडी उबवत होती.

सोमिलाने केतकीला स्वयंपाकघरातल्या झरोक्यापाशी बसवले. म्हणाले, "इथून बघ. तांदूळ निवडत बस. तिकडे जायचं नाही."

"ऊन किती तापलंय. गाडग्यावर ओला फडका तरी टाकू?"

"नको."

"थोडा कापूस आत घालू? पिलांना मऊ..."

"ती आणील तिला हवं ते. तुला पाणी ठेवायचं तर विहिरीजवळ परळ भरून ठेव, लांब."

केतकीने परळ ठेवला. पण बसणे तिला जमेना. तांदळात खडे राहू लागले, आणि सोमिल ते खडे न बोलता चावू लागले. पिले बाहेर आल्यावर तर तिचा जीव आणखीच टांगला. एके सकाळी तिला वाटले, नर बराच वेळ आलेला नाही. ती उठली, मागच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. गाडग्यात पिले ओरडत होती. तिने एक पाऊल पुढे टाकले.

"केतकी," झरोक्यातून सोमिल म्हणाले, "आढ्यावर बघ."

नर आढ्यावरच होता. चोचीत भली मोठी अळी, आणि नजर केतकीवर. तो हलत नव्हता. पिले ओरडत होती, तरी तो हलत नव्हता. केतकी एक पायरी मागे आली. नर गोठ्याशी रचलेल्या सरपणाच्या लाकडांवर उतरला. ती आत आली, दार लोटले. नर सरळ गाडग्यात शिरला आणि पिलांचा आवाज एकदम भरल्या तोंडाचा झाला.

केतकी झरोक्याशी बसली. तांदळातला एक खडा वेचून म्हणाली, "माझ्या वेळी सगळी गल्ली माझ्या पोटाशी येऊन बसली होती."

सोमिलाने सूप पुढे ओढले आणि तेही तांदूळ निवडू लागले. मग त्यांनी ही गाथा म्हटली:

भुकेल्याला द्यावा घास, तहानेल्या पाणी;
उबवणाऱ्या आईची नको रे पाहणी.

गाथा फार मोठी नाही. पण त्या दिवसापासून भातात खडा लागला नाही.

पुढे एके दिवशी आत्याने अंगणातल्या गाडग्याचे बारसे ठरवले. गाडग्यातून अजून काहीच बाहेर आलेले नव्हते, पण मुहूर्त चांगला होता आणि मुहूर्तापुढे आत्याला पिलांची गरज वाटली नाही. तिने पैलतीरावरच्या नावाड्यांच्या मालकालाही आमंत्रण धाडले. शकुन फसला तर बोलणी तिथल्या तिथे उरकावीत, एवढा तिचा सरळ हिशेब. तो जरीकाठी शेला घेऊन आला, पाटावर बसला आणि घराच्या भिंती डोळ्यांनी मोजू लागला. बायका पाळणा म्हणू लागल्या.

त्याच वेळी मागे पहिले पिलू गाडग्याच्या भोकाशी आले. नर आणि मादी समोरच्या कुंपणावर बसून हाका मारू लागली. पिलाने पंख उघडले, मिटले आणि उडी टाकली. कुंपणावर पोचले. दुसरेही पोचले. तिसरे मात्र मध्येच धपकन उकिरड्याशेजारी पडले आणि तिथेच बसून राहिले.

केतकी दारात आली आणि थांबली. तेवढ्यात कुंपणाखालून सोनारणीचा बोका पोट जमिनीला घासत पुढे सरकला.

पिलाला हात लावायचा नाही, हे ठरले होते. बोक्याबद्दल कुणी काही म्हटले नव्हते. केतकीने कोपऱ्यातला खराटा उचलला आणि असा फेकला की बोका दोन परसे ओलांडून गेला आणि दुसऱ्या दिवशी जेवायलाच आला.

"घुगऱ्या कुठे ठेवल्यास ग?" म्हणत आत्या आतून मागच्या दाराशी आली. तिने खराटा पाहिला, मग पिलू पाहिले. तिचे दोन्ही हात पुढे झाले. "अगबाई! घे, घे उचलून, हळदीत..."

केतकीने तिचे मनगट धरले. इतक्या वर्षांत सुनेने आत्याला हात लावून थांबवले नव्हते.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "खाली बसा. बोलू नका."

आत्याने सुनेच्या तोंडाकडे पाहिले, आणि बसली. उकिरड्याजवळ, नाकाला पदर न लावता.

मादी कुंपणावरून खाली आली. पिलापासून हातभर अंतरावर चोचीत किडा धरून उभी राहिली. दिला नाही. मागे सरकली. पिलू पुढे सरकले. ती लाकडांवर गेली. पिलू फडफडत लाकडांवर गेले. ती कुंपणावर गेली. पिलू थांबले, शेपटीचा खुंट हलवला आणि उडाले. कुंपणावर पोचल्यावर किडा मिळाला. मग सगळी मिळून पलीकडच्या चिंचेत शिरली आणि दिसेनाशी झाली.

पुढच्या अंगणातून पाळणा ऐकू येत होता.

आत्या म्हणाली, "मग पुढच्या गाडग्यात कोण आहे?"

सोमिल दारात येऊन उभे होते. "कुणी नाही."

"मग इतके दिवस आम्ही गाणी कुणाला म्हटली?"

"गाडग्याला. त्याने एकदाही तक्रार केली नाही, आत्या."

आत्याने लाल डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. तिला हसू येत होते आणि ते तिला कबूल नव्हते. मग तिची नजर आंब्याच्या नव्हे, शेवग्याच्या रिकाम्या फांदीकडे गेली. "त्या पहिल्या अंड्यांत," ती म्हणाली, "सुपारी मी घातली." मग केतकीकडे न बघताच तिने चाचपून तिचा हात हातात घेतला. "आणि तुलाही काढे मीच पाजले ग."

केतकीने हात सोडवला नाही.

आत्या उठली, पदर सावरला आणि तरातरा पुढे गेली. नावाड्यांचा मालक पाटावरून अर्धा उठला. "बोला आत्याबाई, कधी करायचं?"

"घुगऱ्या घ्या आणि नावेत बसा," आत्या म्हणाली. "आमच्या घरात सून आहे."

त्या घाटावरून सोमिलाचे धान्य त्यानंतरही पैसे देऊनच पलीकडे गेले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगून ओळख पटवली: तेव्हाची पुष्करा आत्या म्हणजे आज विहारात कुणी शिंकले की काढा घेऊन धावणारी उपासिका. सोनारीण म्हणजे प्रवचन चालू असताना शेजाऱ्याला पुढचे सांगून टाकणारा भिक्खू. नावाड्यांचा मालक म्हणजे सकाळी दान देऊन संध्याकाळी पुण्य कुठवर आले ते विचारायला येणारा गृहस्थ. केतकी म्हणजे झाडाखाली बसली की पाखरे जिच्याजवळ निर्भय उतरतात ती थेरी, ज्येष्ठ भिक्खुणी. बोका कोण ते शास्त्यांनी सांगितले नाही, पण मागच्या रांगेतला एक भिक्खू खाली मान घालून उगाच चीवर सारखे करू लागला. सोमिल व्यापारी मात्र मीच होतो, असे ते म्हणाले. त्या जन्मी त्यांनी पूर्ण केलेली पारमिता क्षांतीची, म्हणजे माया असूनही वाट पाहता येण्याची.

आता कुणीतरी विचारणारच की केतकीला पुढे मूल झाले का. त्या घरात हा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. तुम्हीही विचारू नका.