राखी निशाण

एका राज्यात राजवाड्याच्या अंगणात रंगाचे तीन रांजण होते. एकात मंजिष्ठेचा लाल, दुसऱ्यात हळदीचा पिवळा, तिसऱ्यात नीळ. तीन गावांचे लोक ते रंग डोक्यावर वाहून आणीत. राज्याची रीत अशी, की नवा राजा गादीवर बसला म्हणजे त्याने आपले निशाण आपल्या हातांनी रंगवावे. एक रंग घ्यावा, नाहीतर दोन घ्यावेत. उरलेल्याला हात जोडून "थांब" म्हणावे. असे का, हे कोणी विचारीत नसे.

सौम्यकेतू राजा झाला. स्वभावाने तो इतका भिडस्त, की पंगतीत वाढप्यालाही त्याला "पुरे" म्हणता येत नसे. निशाण रंगवायच्या दिवशी तिन्ही गावांचे पाटील समोर उभे. कोणाला थांब म्हणावे? म्हटले तर त्या गावाला काय वाटेल? राजाला घाम फुटला. शेवटी त्याने तिन्ही रंग एका हंड्यात ओतले, त्यात निशाण बुडवले, आणि मनात म्हणाला, आता कोणी नाराज होणार नाही.

निशाण वर आले ते चुलीतल्या राखेसारखे. तिन्ही गावे नाराज झाली.

राजाची धाकटी बहीण इंदुलेखा पुढे झाली. "असू दे, दादा. वाळल्यावर खुलेल," असे म्हणून तिने ते ओले निशाण पिळले. तिच्या बोटांना राख लागली. ती धुतल्याने जाईना. सकाळी मनगटापर्यंत चढली, दुसऱ्या सकाळी कोपरापर्यंत. हंड्याच्या काठावर राजवाड्यातला राघू बसला होता; त्याची शेपटी रंगात बुडाली, आणि तोही चोचीपर्यंत राखी होऊन गेला.

राघू म्हणाला, "महाराज, हे रांजण कज्जल मांत्रिकाचे. तो त्यांच्याखालच्या भुयारात राहतो. राख ताईसाहेबांच्या डोळ्यांत शिरली, की त्या कोणालाच ओळखणार नाहीत. मग आपल्यालाही नाही."

"तुला कसे ठाऊक?"

"माझ्या डोळ्यांत शिरते आहे. मघाशी एका कावळ्याला मी मामा म्हणालो. आणि त्याने भाचा म्हणून जवळ घेतले."

राजाने राघूला खांद्यावर घेतले, निशाण कमरेला बांधले आणि तो भुयारात उतरला.

कज्जल मांत्रिक पांढऱ्या भिंतींच्या दालनात बसला होता. त्याने वर न पाहताच विचारले, "तिघांना एका हंड्यात कोंबणारा तूच का?"

"मीच. मला कोणाला दुखवायचे नव्हते."

"म्हणून तिघांनाही बुडवलेस. तीन कामे सांगतो. केलीस तर बहीण तुझी."

पहिले काम असे: समोर तीन रंगांच्या तीन वाट्या, आणि तीन रिकाम्या. "यांतून मला रानाचा रंग दे, पिकल्या संत्र्याचा दे, जांभळाचा दे."

राजाचा हात सवयीने तिन्ही वाट्यांकडे गेला. राघूने त्याच्या कानाला चोच मारली. राजा थांबला. लाल वाटीकडे पाहून तो हळूच म्हणाला, "तू थांब." वाटी काही रुसली नाही. मग पिवळ्यात नीळ मिसळली, रान झाले. निळीला थांबवले, संत्रे झाले. पिवळ्याला थांबवले, जांभूळ झाले.

"कोण रागावले?" मांत्रिकाने विचारले.

"कोणी नाही."

"पुढे ऐक."

दुसऱ्या कामासाठी मांत्रिकाने लाल मखमलीवर ठेवलेले एक माणिक दाखवले. ते शापित होते; विझल्या निखाऱ्यासारखे दिसत होते. "याला हात लावायचा नाही, दिवा दाखवायचा नाही, रंग चढवायचा नाही. पण हे पेटले पाहिजे."

राजा माणकासमोर बसला आणि टक लावून पाहत राहिला. काही सुचेना. मन पुन्हापुन्हा बहिणीकडे धावे. राख आता तिच्या गळ्यापर्यंत आली असेल. डोळे दुखले तशी त्याने मान वळवून पांढऱ्या भिंतीकडे पाहिले. भिंतीवर एक हिरवट डाग तरंगत होता. डोळे मिटले, तरी तो होताच. थोड्या वेळाने विरून गेला.

"राघू, भिंतीवर हिरवे काही आहे का?"

"नाही, महाराज. हिरवा मी होतो, तोही आता नाही."

राजा विचार करू लागला. डोळ्याने इतका वेळ लाल पाहिले. पाहून दमला, तेव्हा त्याला हिरव्याची आठवण झाली. हिरवा म्हणजे कोण? पहिल्या कामात लाल थांबला होता, तेव्हा बाकीच्या दोघांनी मिळून केलेला. लालाला लालांच्या गर्दीत ठेवले तर तो झोपतो. त्याला जाग आणील तो त्याच्यात मुळीच नसलेला.

त्याने आपल्या शेल्याचे टोक रानाच्या रंगात बुडवले. माणकाला स्पर्श न करता मखमल एका बाजूने अलगद ओढून घेतली आणि दुसऱ्या बाजूने शेला खाली सरकवला. हिरव्यावर येताच माणिक धगधगून उठले. त्याचा शाप सुटला.

कज्जलाने आता पहिल्यांदा मान वर केली. "तिसरे काम. तुझे निशाण घेऊन बहिणीकडे जा. त्या राखेत तिला रंग दिसला पाहिजे. निशाणाला नवा रंग लावायचा नाही आणि तिला रंगाचे नावही सांगायचे नाही."

"यातले तीन रंग आपणच वेगळे करून द्या ना."

"मला येत असते, तर मी भुयारात राहिलो असतो का? मिसळलेले सुटत नाही, राजा. जे झाले त्याच्या शेजारी काय ठेवायचे, तेवढेच आपल्या हाती."

राजाने संत्र्याच्या रंगाची वाटी मागून घेतली.

वर येऊन पाहतो तो इंदुलेखा गवाक्षात बसलेली. चेहरा राखी, ओठ राखी; डोळ्यांत बाहुलीभोवती तेवढी पिंगट कडा उरलेली. तिने विचारले, "आपण कोण?"

राजाने एक कोरे वस्त्र वाटीत बुडवले, वाळवले, फाडून रुंद पट्टे केले आणि राखी निशाणाला चहूबाजूंनी टाचले. सुई बोटात शिरत होती, पण त्याने दासीच्या हातात ती दिली नाही. मग निशाण उजेडात धरले.

"मध्ये काय दिसते?"

ती बराच वेळ पाहत राहिली. पिंगट कडा केसाएवढी झाली.

"कडेला संत्री रंग आहे," ती म्हणाली. "आणि मध्ये..." ती जरा पुढे वाकली. "मध्ये निळसर आहे."

तिने निळसर म्हटले आणि तिच्या डोळ्यांतून राख ओघळली. गाल, गळा, मग बोटे उजळली. राघूने पंख झटकले. खाली हिरवा राघू.

"दादा," इंदुलेखा म्हणाली, "टाके फार वेडेवाकडे घातलेस."

निशाण राजवाड्यावर चढले. निळीच्या गावचा पाटील अंगणात येऊन म्हणाला, "महाराज, कडेला लाल आहे, पिवळा आहे. आमची नीळ कुठे?"

पूर्वीचा राजा असता तर त्याला घाम फुटला असता. सौम्यकेतूने हात जोडले. "पाटील, या खेपेला कडेवर तुम्हाला थांब म्हटले. आता मध्ये पाहा."

पाटलाने कपाळावर हात धरून वर पाहिले. पाहता पाहता डोक्याचे पागोटे मागे पडले, तरी त्याने ते उचलले नाही.

पुढे त्या राज्यात कोणी "थांब" म्हटले, तर त्याच्यावर कोणी रुसत नसे. रांजण भरले, निशाण फडकले. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढेही त्याचा रंग राहो.