बेटावरचा उडता सरडा

'दादाने आकाशात नक्की काय पाहिले होते?' धाकटा सरडा भेटेल त्याला हे विचारत असे आणि जो तो त्याला वेगळेच काही सांगत असे. बाळांनो, हा सरडा दूर समुद्रातल्या एका बेटावर राहत होता. तिथे ना माणूस, ना होडी. नुसती नारळ-केवड्याची दाटी आणि पश्चिमेला समुद्रात घुसलेला एक काळा खडक. त्या बेटाची एक रीत होती. वरून मोठी सावली सरकली की सगळ्यांनी मान खाली घालून जागच्या जागी चिकटून बसायचे. गरुडाच्या भीतीने पडलेली ती सवय. त्यामुळे सावल्या सर्वांनी पाहिल्या होत्या. सावली कोणाची, हे मात्र कोणीच पाहिले नव्हते.

एकदा त्याच्या दादाने, म्हणजे थोरल्या सरड्याने, मान वर केली. तो धापा टाकत घरी आला. "अरे, उडणारा सरडा! पिसं नाहीत, कातड्याचे पंख, आणि पंखाला आपल्यासारखं नख!" सगळे बेट खो खो हसले. "उद्या म्हणशील, कासव नारळावर चढलं," खेकडा म्हणाला. हसणाऱ्यांत धाकटाही होता. त्याच्या तोंडाला कधीच लगाम नसे. तो बोलून गेला, "एवढं खरं असेल तर जा, परत बघून ये!" थोरला खरेच काळ्या खडकावर गेला. दिवस कलताना भरतीची एक मोठी लाट खडकावर फुटली आणि थोरला परत आला नाही.

धाकट्याला घास गोड लागेना. इकडे बेटावर त्या सावलीच्या गोष्टी वाढत चालल्या. बगळा म्हणे, ती टेकडीएवढी होती. उंदीर म्हणे, तिला लांबलचक शेपूट होते. "तुम्ही स्वतः पाहिलंत?" धाकट्याने विचारले. "छे! मान कोण वर करतो?" उंदीर म्हणाला, "पण तुझा दादा थापाड्याच. शेपटीचं एक अक्षर तरी बोलला का तो?" हे ऐकले मात्र, धाकटा तडक काळ्या खडकाकडे पळाला. पाणी पोहोचणार नाही अशा उंच कपारीत तो दोन दिवस बसून राहिला. तिसऱ्या दिवशी खडकावर सावली पडली. सवयीने त्याची मान खाली जाऊ लागली. तरी त्याने ती वर केली. कातड्याचे भलेमोठे पंख मिटत कोणीतरी खडकालगतच्या उंडीच्या झाडाला उलटे लटकले.

"कोण रे तू?" धाकटा ओरडला.

"वटवाघूळ. इथली फळं फार आवडतात मला," उत्तर आले. "तुझ्यासारखाच एक मागे इथे भेटला होता. मला बघून पळाला नाही. उलट विचारायला लागला, 'तू आमच्यापैकी आहेस का?' मी काही सांगणार, तेवढ्यात लाट आली."

"घाबरला होता का तो?"

"नाही रे. आनंदाने नाचत होता."

धाकट्याने डोळे मिटून घेतले. शेजारच्या फटीतून खेकडा बाहेर आला. "चल, लवकर सांग सगळ्यांना, उडता सरडाच पाहिला म्हणून! आता तुम्ही दोघं झालात, सगळे मानतील. तुझ्या दादाचं नाव होईल." धाकट्याला ते पटले. तो धावतच किनाऱ्यावर आला. सगळे जमले. "पाहिलास का रे?" बगळ्याने विचारले. धाकट्याने तोंड उघडले आणि पहिल्यांदाच बोलण्याआधी तो थांबला. मग म्हणाला, "तो सरडा नव्हता. वटवाघूळ होतं. पण पिसं नव्हती, पंख कातड्याचे होते, पंखाला नख होतं. दादाने पाहिलं ते सगळं खरं. फक्त नाव चुकलं."

"घालवलीस की संधी!" खेकडा पुटपुटला. पण म्हातारे कासव म्हणाले, "त्याचं नुसतं नाव चुकलं. आम्ही तर मानच वर केली नाही. पोरा, पुन्हा कोणी त्याला थापाड्या म्हणणार नाही." दुसऱ्या दिवशी सावली आली, तेव्हा उंदराने एक डोळा हळूच वर केला. त्याची पिल्ले तर चक्क उताणी पडून बघू लागली.

ओहोटी लागल्यावर धाकटा काळ्या खडकावर गेला. समुद्राकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "दादा, ते आपल्यापैकी नव्हतं. वटवाघूळ होतं. फळं खायला आलं होतं." लाटांच्या आवाजात ऐकू गेले नसेल म्हणून त्याने ते पुन्हा एकदा सांगितले. दादासाठी करण्यासारखे एवढेच उरले होते आणि ते त्याने केले.

तात्पर्य : स्वतः मान वर न करता पाहणाऱ्याला खोटे ठरवू नये, आणि आपण पाहिले तेवढेच सांगावे, आपल्या लाडक्या माणसासाठीसुद्धा त्यात भर घालू नये.