हौसा विरुद्ध हौसा

सारंगगडच्या न्यायशाळेत पंडित होते अकरा आणि विद्यार्थी एकही नव्हता!

कारण राजा अजितपालाने घातलेले दोन नियम. पहिला, ज्याने राजासमोर एक तरी खटला स्वतः लढवून जिंकला असेल, त्यालाच शाळेत प्रवेश. दुसरा, ज्याचं शाळेत नाव नाही, त्याने दरबारात दुसऱ्या कुणाविरुद्ध खटला लढवू नये. दोन्ही नियम शाळेच्या दाराशी दगडावर कोरलेले. दरवर्षी पाचपन्नास जण अर्ज घेऊन येत, दगड वाचत आणि डोकं खाजवत परत जात. पंडित मात्र रोज वेळेवर येऊन रिकाम्या सतरंज्यांना शिकवत.

"आमच्या शाळेचा एकही विद्यार्थी आजवर नापास झालेला नाही!" राजा येईल त्या पाहुण्याला अभिमानाने सांगे. नियम बदलायचं नाव काढलं की म्हणे, "आमचा शब्द तो शब्द!"

अशा या शाळेत भिवबा कासाराची हौसा अर्ज घेऊन आली. बापाबरोबर ती गावोगाव बांगड्या भरत हिंडायची. हात हातात आला की बायका मन मोकळं करायच्या. कुणाचं शेत दिराने लाटलेलं, कुणाची विहीर पाटलाने कुंपणात घेतलेली. त्यांच्या बाजूने दरबारात बोलणारं कुणी नव्हतं. आपण बोलायचं, असं हौसाने केव्हाच ठरवलं होतं.

अर्ज हातात घेताना मुख्य पंडित त्र्यंबकशास्त्री आनंदाने थरथरत होते.

"लिहितावाचता येतं, बाळ?"

"येतं."

"हिशेब? पाठांतर?"

"तेही येतं."

"वा, वा! आणि जिंकलेला खटला?"

"तो नाही."

शास्त्रीबुवांचा चेहरा पडला. "मग कसं जमायचं, बाई!"

हौसा बाहेर दगडापाशी आली. तिने नियम वाचले. पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना 'दुसऱ्या कुणाविरुद्ध' या शब्दांवर तिचं बोट थबकलं आणि ती एकटीच खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी!

"फिर्याद कुणाची?" प्रधानजींनी विचारलं.

"हौसा कासार हिची."

"कुणाविरुद्ध?"

"हौसा कासार हिच्याविरुद्ध."

"तुझ्याच नावाची दुसरी कुणी आहे?"

"छे! ती मीच."

"न्यायशाळेत नाव नाही आणि खटला लढवतेस? नियम ठाऊक नाही?"

"दुसऱ्या कुणाविरुद्ध लढवू नये, असा नियम आहे. मी मला दुसरी कशी होईन?"

राजा सकाळपासून एकही खटला नसलेल्या दरबारात बसून कंटाळला होता. तो सावरून बसला. "चालू दे!"

हौसा डावीकडे उभी राहिली. "महाराज, काल सकाळी घरात शेवटचा बेसनाचा लाडू उरला होता. संध्याकाळी खाईन म्हणून मी तो डब्यात ठेवला. दुपारी या बाईने खाल्ला!" तिने उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं.

मग टुणकन उडी मारून ती उजवीकडे गेली. डोक्यावर पदर घेतला. "खाल्ला! माझाच लाडू होता!"

पुन्हा डावीकडे. "तुझा? ठेवला कुणी?"

"तू ठेवलास. पण भूक कुणाला लागली?"

"संध्याकाळी रिकामा डबा बघून मी किती रडले!"

"खोटं, महाराज! मी तिथेच होते. फारसं नाही रडली!"

दरबारात खसखस पिकली. चोपदार "शांतता!" म्हणायला पुढे झाला, पण दोघींपैकी गप्प कुणाला करायचं तेच त्याला कळेना. खटला ऐकायला आलेल्या अकरा पंडितांत फूट पडली. पाच जण ठेवणारीच्या बाजूने, पाच जण खाणारीच्या. शास्त्रीबुवा दोन्हीकडे मान डोलवू लागले.

राजाला राहवेना. तो उठूनच उभा राहिला. "संध्याकाळसाठी ठेवलेला लाडू दुपारी खाणं ही चोरीच! फिर्यादी जिंकली!"

डावीकडच्या हौसाने वाकून मुजरा केला. "मी जिंकले, महाराज. मला शाळेत प्रवेश द्या!"

राजाने जीभ चावली. पण हार मानील तर तो अजितपाल कसला? "थांब! तू हरलीसही! हरलेल्याला आमच्या शाळेत जागा नाही!"

"मग हरली ती घरी बसेल, महाराज. जिंकली ती शाळेत येईल!"

राजाच्या मिशा थरथरल्या. "अस्सं? मग चोरीची शिक्षाही ऐक. प्रतिवादीला एक महिना कैद! शिपाई, धरा तिला!"

शिपाई चार पावलांवर आले, तशी हौसाने मान ताठ केली.

"तिला खुशाल न्या! पण माझ्या अंगाला हात लावाल तर खबरदार! मी जिंकलेली फिर्यादी आहे. निरपराध बाईला कैद केलंत, तर उद्या याच दरबारात मला नवा खटला लढवावा लागेल."

"कुणाविरुद्ध?" राजा गरजला. "पुन्हा स्वतःविरुद्ध?"

"नाही, महाराज! जो जिंकेल त्याला प्रवेश, हा आपलाच शब्द. म्हणजे निकाल लागला त्या क्षणापासून माझं नाव शाळेत आहे. आता मला दुसऱ्या कुणाविरुद्धही लढता येतं. ज्याने कैदेचा हुकूम दिला, त्याच्याविरुद्ध लढेन!"

शिपाई एक पाय उचललेला तसाच धरून राजाकडे बघत राहिले.

राजाचे गाल फुगले, डोळे बारीक झाले आणि एकदम तो असा खो खो हसत सुटला की डोक्यावरचा मंदील घरंगळून प्रधानजींच्या मांडीवर पडला!

"प्रधानजी, हिचं नाव घाला शाळेत! आत्ताच्या आत्ता! उद्या खटला आमच्यावर आला, तर आमच्या बाजूने बोलायलाही हिलाच बोलवावं लागेल!"

राजाने हौसाला भरजरी शेला दिला, भिवबाला बैलजोडी दिली आणि शास्त्रीबुवा तर तिला शाळेत न्यायला स्वतः पालखी घेऊन आले!