तांडेलाने हाकललेल्या मुशी

खाडी समुद्राला मिळते तिथल्या कोळीवाड्यात जोमा नावाचा तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. पाणी जरा हललं तरी खाली कोणता मासा आहे ते जोमा सांगायचा, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरं निघायचं. दहाव्या वेळेची आठवण कोणी ठेवत नसे. जोमा तर नाहीच नाही.

वाड्याची एक रीत होती. मोठी मुशी, म्हणजे माणूस फाडणारा शार्क, कोणाला दिसली की त्याने किनाऱ्यावरच्या खांबाला काळं फडकं बांधायचं. ज्याने बांधलं त्यानेच जाऊन खात्री करायची आणि त्यानेच ते सोडायचं. तोवर दुसरी एकही होडी पाण्यात जायची नाही.

एका सकाळी जोमा एकटाच जाळी बघायला गेला. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती. लांब पाण्यावर दोन काळे टोकदार पर दिसले, बुडाले, पुन्हा दिसले. जोमाने होडी वळवली ती थेट किनाऱ्याला लावली.

"दोन मुशी आहेत, जोडीने फिरताहेत," असं सांगून त्याने फडकं बांधलं.

त्याचा जावई हरेश्वर जवळच उभा होता. त्याने विचारलं, "मामा, परांमागे शेपट्या दिसल्या का?"

"आता तू माझ्या डोळ्यांची परीक्षा घेणार?" जोमा म्हणाला.

तीन दिवस होड्या वाळूत पडून राहिल्या. जाळी मात्र समुद्रातच होती, तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेली. पौर्णिमेचं उधाण जवळ येत होतं. उधाणाच्या ओढीत जाळी फाटली तर वाड्यातल्या चुलींवर काय शिजणार होतं? सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

चौथ्या दिवशी जोमा खात्री करायला निघाला. ऊन या वेळी पाठीशी होतं. तेच दोन पर दिसले. एकाच वेळी बुडाले, एकाच वेळी वर आले, मधलं अंतर तेवढंच. होडी जवळ नेली तर खाली चांगली होडीएवढी रुंद पाकट, म्हणजे पंखांचा चपटा मासा, संथपणे पोहत होती. तिच्या दोन पंखांची टोकं तेवढी पाण्याबाहेर येत होती. बिचारी माणसाच्या वाटेलाही न जाणारी.

चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. पण तो शब्द माशाच्या काट्यासारखा घशात अडकला. किनाऱ्यावर सगळा वाडा वाट बघत होता.

"हाकलल्या," जोमा म्हणाला. "एकेकीच्या नाकाडावर वल्हं हाणलं. गेल्या पळून." आणि त्याने फडकं सोडलं.

जाळी वेळेवर घरी आली. बायकांनी जोमाला ओवाळलं. त्याचे कान लाल झाले होते, पण ते उन्हाने झाले असतील असं सगळ्यांना वाटलं. पुढे पुढे तर ही गोष्ट जोमा स्वतःच रंगवून सांगू लागला.

वर्ष गेलं. एकदा खुंटाला जाळ्याचा दोर अडकला, म्हणून हरेश्वर पाण्यात उतरला होता. जोमा होडीत होता. आजूबाजूला वाड्यातल्या पाच-सहा होड्या होत्या. तेवढ्यात जोमाला एक पर दिसला. एकच. त्याच्या मागे शेपटीचं टोक डावं-उजवं करत होतं, आणि ते सरळ खुंटाकडे येत होतं. या वेळी चुकायला जागाच नव्हती.

"हरेश्वर, वर ये. मुशी आहे."

हरेश्वर हसला. "मग हाकला की, मामा. तुम्ही दोन हाकलल्यात, ही तर एकटीच आहे. माझी गाठ सुटतच आलीय."

दुसऱ्या होड्यांतली माणसंही उठून उभी राहिली. सगळ्यांना तांडेलाचा पराक्रम बघायचा होता. जोमाच्या हातात वल्हं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे लेकीचं कुंकू लावलेलं कपाळ आलं.

त्याने वल्हं टाकून दिलं आणि सगळ्या होड्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "मला मुशी हाकलता येत नाही. त्या दिवशी मुशी नव्हतीच. पाकट होती. मी खोटं बोललो. वर ये रे बाबा."

हरेश्वरचं हसू मावळलं. त्याने होडीची कड धरली, जोमाने बखोटीला धरून त्याला आत ओढलं. लगेच होडीला खालून धक्का बसला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मुशीने जाळं उभं फाडलं.

परतताना हरेश्वर म्हणाला, "मामा, त्याच दिवशी पाकट होती म्हणाला असतात, तर आम्ही थोडं हसलो असतो आणि विसरून गेलो असतो."

"तेवढं हसणंच मला सोसवणार नव्हतं," जोमा म्हणाला.

किनाऱ्यावर उतरून त्याने खांबाला काळं फडकं बांधलं. त्यानंतर कोणी काही विचारलं की जोमा आधी म्हणायचा, "नीट दिसलं नाही, जवळ जाऊन सांगतो." वाड्याचा त्याच्यावरचा विश्वास हळूहळू परत आला, तो या एका वाक्यामुळे.

तात्पर्य: चूक ताजी असतानाच सांगून टाकावी. ती झाकायला खोटं बोललं, तर त्यावर विश्वास ठेवणाऱ्या आपल्याच माणसाच्या जिवावर बेततं.